तीन ठोके

मु. चिंचवाडी, शिरड शहापूरच्या वाटेवर
ता. ११ डिसेंबर १९४८, शनिवार

चिरंजीव नेमसिंग यास दगडोबाचा आशीर्वाद. हवा असला तर घे, नको असला तर बैलापुढं टाक.

तुझी म्हातारी याडी नानीबाई, मिराबाई आणि लेकरं खुशाल असतील. आमी इकडं बरे आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. चतुराबाईचा गुडघा थंडीनं धरला आहे, ती उठताना माझ्या नावानं उठते आणि बसताना माझ्या नावानं बसते. चंपाषष्ठीला या साली गावात ताफा वाजला न्हाई. रीतीचं लिहून झालं. आता मुद्द्याचं.

माझं नाव लिहून द्यायला तुला कुणी सांगितलं?

बाजाराच्या दिवशी मी शिरडला मिरच्या घ्यायला गेलो. ढिगापाशी तुझी मिराबाई उभी. रामराम न्हाई, काही न्हाई, सरळ म्हणाली, "काका, बुधवारी औंढ्याच्या चावडीत नवा तहसीलदार बसणार हाय. मास्तरच्या अर्जावर साक्षी घेणार हाय. आमच्या घरच्यानं तुमचं नाव देलं. पैलं नाव."

मी म्हणालो, "मला इचारलं काहून न्हाई?"

"इचारलं असतं तर तुमी काय म्हनले असते?"

"न्हाई म्हनलो असतो."

"म्हनून तर न्हाई इचारलं." आणि खाली बसून मिरच्या निवडायला लागली. वर मान न करता म्हणते, "सुमनवयनीच्या लेकराला दात आले का?" जसं काही मधे काही घडलंच न्हाई! चारचौघांत मला घाम फुटला आणि ही माझ्या सुनेच्या लेकराचे दात इचारून राहिली. मिरच्या न घेताच मी माघारी आलो. चतुराबाईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

नेमसिंग, तू माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. तुला बाराखडी मी शिकवली. ढोलाच्या कातड्यावर कोळशानं लिहून शिकवली. मला तरी कुणी शिकवली होती? पंचांगातली आणि आगपेटीवरची अक्षरं जुळवत जुळवत मी शिकलो. त्याच अक्षरांनी तू माझं नाव सरकारी कागदावर लिहितोस आणि मला बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी कळतं?

आणि मी पाहिलं काय, म्हणून साक्ष देऊ? मोठा ढोल गळ्यात घातलेल्या माणसाला काय दिसतं? बैलाच्या पोटाएवढा ढोल. समोर त्याची कड, बाजूला गर्दी, वरून गुलाल. मी माझा हात बघू का कुणाच्या घराचं दार बघू? एवढं तरी तुझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. तू तर पुढच्या रांगेत होतास, तुझं क्लारनेट म्हणजे बोटाएवढी काडी. तुला दिसलं तर तू सांग. माझं नाव खोड.

चौदा वर्षं मी या ताफ्यासाठी काय केलं ते विसरलास का? विसरला असशील तर सांगतो, कारण तू आलास तेव्हा तुला मिसरूड फुटत होती आणि तुझं सगळं लक्ष गोरेगावच्या बाजारातल्या भज्यांकडं होतं.

महेताबमास्तरला सगळे कल्हईवाला म्हणूनच ओळखायचे. हा माणूस पोरगा असताना हिंगोलीच्या छावणीत पलटणीच्या बँडात होता, हे कुणाच्या गावीही न्हवतं. छावणी उठली, पलटण गेली, हा मागं राहिला. भाता खांद्यावर टाकून गावोगाव भांडी उजळत हिंडला आणि हलीमाबीशी निकाह करून आपल्या गावात बसला. छावणीच्या कोठारातलं मोडकं पितळ भंगारात निघालं होतं. वितळवायला म्हणून त्यानं ते गाडीभर आणलं आणि वितळवलं न्हाई. तीस वर्षं खाटेखाली ठेवलं. मी परात घेऊन कल्हईला गेलो, तर कोपऱ्यात हा मोठा ढोल, एका बाजूनं फाटलेला, आत तूर भरलेली. हलीमाबीला उंदरांचा त्रास होता. मी सहज दुसऱ्या बाजूवर बुक्की मारली. आतली तूर नाचली. मास्तर भात्यावरून उठला आणि म्हणाला, "अरे दगडू, मारता कायकू? बोलने दे उसकू."

तिथून हे सुरू झालं. कुणी मांडव घालून, नारळ फोडून केलेलं न्हाई.

तोवर आपल्या भागात प्रत्येकाचं वाद्य वेगळं आणि दारही वेगळं. मांगवाड्याची हलगी कुठवर यायची, तुमच्या तांड्याचा नंगारा कुठं वाजायचा, कुणाच्या लग्नात कुणी वाजवायचं आणि कुणी बाहेर उभं राहायचं, याच्या रीती ब्रह्मदेवालाही पाठ न्हाईत. मास्तरनं खळ्यावर चुन्यानं रेघ मारली आणि अठरा माणसं त्या रेघेवर उभी केली. हलगीवाले दोघं, कोष्ट्याचा एक, तांड्यावरचे तुमी चौघं, बाकी आमी कुणबी. "लाइन एकच," म्हणाला. पाटलाच्या माणसानं विचारलं, यांच्या शेजारी त्यांना काहून उभं केलं? मास्तर म्हणाला, "आवाज के हिसाब से खडा किया, साब. तुमकू खडा रहना है तो तुम्हारा आवाज सुनाव." पाटलाचा माणूस गेला तो परत आला न्हाई.

सहा महिने नुसते गाढवासारखे ओरडलो आपण. नंतर एका दिवशी संध्याकाळी ते सगळं एकात एक बसलं. आठवतं तुला? बायका पाण्याच्या घागरी डोक्यावर तशाच ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

मग नागनाथाच्या रथापुढं आपणच आणि मोहरमच्या सवारीपुढंही आपणच. रथाच्या वेळी मास्तर देवळात यायचा न्हाई, तळ्याच्या काठाला बसायचा आणि तिथून ऐकून नंतर सांगायचा, कोपऱ्यावर कोण चुकलं. कधी त्याचा अंदाज हुकला न्हाई. पटकीच्या साली आजारी माणसं ओढ्याच्या पलीकडं झोपड्यांत नेऊन ठेवली होती. कुणी तिकडं फिरकत न्हवतं. मास्तर म्हणाला, जाता येत न्हाई तर वाजवू तर. वीस दिवस रोज दिवे लागायच्या आधी आपण ओढ्याच्या अलीकडून वाजवलं. पलीकडून एक म्हातारी ओरडायची, "आज कालच्यापेक्षा बरं वाजलं रे!" ती जगली. अजून मला रस्त्यात अडवून चुका सांगते.

हे सगळं उभं राहिलं ते एका नियमावर, आणि तो तू मोडलास. मिरवणूक चालू झाली की कुणी आपल्या मनानं थांबायचं न्हाई. पायात काटा जाऊ दे, तोंडात माशी जाऊ दे. ताफा थांबवायचा तो एकट्या मोठ्या ढोलानं. तीन ठोके सुटे सुटे पडले की सगळे गप्प. ते पडले न्हाईत तर वाजवत राहायचं. गोरेगावच्या लग्नात तुमच्या फुलसिंगच्या पोटरीला कुत्रं लोंबकळलं, तरी त्यानं भोंगा तोंडातला काढला न्हाई. कुत्रं ओढत ओढत मांडवापर्यंत वाजवत गेला. नवरदेवाचा बाप म्हणाला, कुत्रंही तुमचंच का? मास्तरला त्याचा किती अभिमान! आल्यागेल्याला सांगायचा.

आणि तू? भादव्यातल्या त्या दिवशी, पितृपंधरवड्यात, एरवी ताफा कुणी दाराशी उभा करत न्हाई अशा दिवसांत, निजामाचं राज्य बुडालं म्हणून अख्खी पंचक्रोशी रस्त्यावर आली होती. सव्वा वर्ष माणसं दबून होती. बंदुकवाले येतील म्हणून ज्वारीत लपून दिवस काढले होते. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मोठ्यानं हसत होते. पारापाशी मिरवणूक थबकली, लोक नाचत होते, आपण उभ्यानं वाजवत होतो, आणि तू मधीच क्लारनेट तोंडातलं काढलंस, रांग सोडलीस आणि चालायला लागलास. गर्दीतून वाट काढत, एकदाही मागं न बघता. वरचा सूरच गेला. सगळा ताफा लंगडा झाला.

मी मागून ओरडलो ते अख्ख्या गावानं ऐकलं. "तांड्याचं ते शेवटी तांड्यावरच जाणार. पुन्हा या रांगेत पाय ठेवू नको." हेच म्हणालो होतो ना? म्हणालो होतो, तर लिहिलं पाहिजे. चौदा वर्षं एका रेघेवर उभं राहून, पहिल्या रागाला माझ्या तोंडून तेच बाहेर आलं जे त्या पाटलाच्या माणसाच्या पोटात होतं.

त्याला आता तीन महिने होत आले. त्या दिवसापासून ताफा वाजला न्हाई. मी ढोल खळ्याच्या खोपीत उलटा ठेवला आहे. कुणी विचारलं तर सांगतो, क्लारनेट न्हाई, कसं वाजवणार? तुझ्यावर ढकलतो. सोपं जातं.

मास्तर आणि हलीमाबी तुझ्याकडं तांड्यावर आहेत, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी आलो न्हाई. चतुराबाईनं दोनदा गाठोडं बांधलं, एकदा तूप, एकदा घोंगडी. मी म्हणालो, आता वाटा बऱ्या न्हाईत. वाटा चांगल्या होत्या. आपली बैलगाडी रोज तुमच्या तांड्यावरून शेताला जाते. मी वरच्या वाटेनं, काट्यातून जातो, म्हणजे तुमच्या दारावरून जावं लागत न्हाई. या वयात.

आज रविवार. काल संध्याकाळी सोनाजी पाटील घरी आले. कधी येत न्हाईत ते आले. चहा घेतला, नातवाच्या हातात खडीसाखर दिली. मग म्हणाले, "दगडोबा, औंढ्याचं बोलावणं येईल तुमाला. भेयाचं काम न्हाई. आपल्या गावची गोष्ट गावात राहावी. तुमच्या गळ्यात ढोल होता. एवढा मोठा ढोल! त्याच्या आडून माणसाला काय दिसतं? तेवढंच सांगायचं. खोटं बोलायचंच न्हाई तुमाला."

मी हातातली बशी खाली ठेवली.

नेमसिंग, वर मी तुला तेच लिहिलं आहे. शब्दाला शब्द. ते पान मी काल दुपारी लिहिलं आणि चहाच्या वेळी तेच माझ्या ओसरीवर बसून पाटील बोलून राहिले. मला वाटत होतं, ही माझी अडचण आहे. ती तर त्यांची सोय निघाली. मी उठलो आणि म्हणालो, "पाटील, ढोल पोटावर असतो. तोंडावर न्हाई."

ते हसले. म्हणाले, "मग पोराचा विचार करा." आणि गेले.

वरचं पान फाडावं असं मनात आलं होतं. फाडलं न्हाई. माणूस कसा खोटं रचतो ते तुला आणि तहसीलदाराला दिसू दे.

मास्तरनं ढोल मला काहून दिला माहीत आहे तुला? मला ताल कळतो म्हणून न्हाई. ताल तर हलगीवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी रांगेत सगळ्यांत उंच आहे म्हणून. मला शेवटी उभं करून म्हणाला, "दगडू, तू सबके उप्पर से देख. किसकू ठोकर लगी, किसका दम टूटा, सब तेरेकू दिखना. तू देख, तू रोक." बघायचं आणि थांबवायचं, एवढंच माझं काम. वाजवणं त्याच्या मागून.

तर लिहितो. सरळ लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा जमणार न्हाई.

मिरवणूक पारापाशी थबकली तेव्हा दिवस चांगला वर होता. मास्तरचं घर माझ्यापासून तीस पावलांवर. दारापुढं दहाबारा जण. दोघांच्या हातांत कुऱ्हाडी. पहिल्या घावातच दाराची फळी फुटली. आतून भाता बाहेर आला, कुणीतरी त्यावर नाचून तो फोडला. भांडी आली. हलीमाबी शेजारच्या भिंतीला पाठ लावून बसली होती, पदर तोंडात. मास्तर चौकटीला धरून उभा होता. तो कुणाला शिव्या देत न्हवता, वाचवा म्हणत न्हवता. तो गर्दीवरून माझ्याकडं बघत होता. आमची दोघांची नजर मिळाली, नेमसिंग. आणि त्यानं उजवा हात वर केला आणि मूठ मिटली.

ती खूण तुलाही माहीत आहे. चौदा वर्षं खळ्यावर तो मला असाच सांगायचा, तीन ठोके दे, थांबव.

मी दिले न्हाईत.

आपण कोणती चाल वाजवत होतो तेही लिहून ठेवतो. त्यानंच शिकवलेली, लग्नाच्या वरातीची. सोळा माणसं त्याच्या घरासमोर त्याची चाल वाजवत होती, आणि ती थांबत न्हवती, कारण मोठा ढोल थांबला न्हाई तर थांबायचं न्हाई हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं. त्यांच्यावर राग धरू नको. त्यांच्या पाठी त्या घराकडं होत्या आणि त्यांचे कान माझ्याकडं. एक तूच वळून बघितलंस. तू नियम मोडलास म्हणून मी गावभर सांगत फिरलो. मोडला तो मी. नियमात थांबवायचंही होतं.

वर हात केलेला मास्तर तसाच उभा होता. एका माणसानं कुऱ्हाड उलटी केली आणि दांडा त्या हातावर मारला. दोन वेळा. तुझ्या मिराबाईनं बाजारात सांगितलं न्हाई, पण फुलसिंगनं सांगितलं आहे, मास्तरची दोन बोटं आता मिटत न्हाईत.

तो माणूस संतराम होता. माझा थोरला.

आता कळलं, मी ठोके काहून दिले न्हाईत? तीन ठोके पडले असते तर अख्खं गाव एकदम गप्प झालं असतं आणि सगळ्यांनी वळून त्या दाराकडं पाहिलं असतं. ढोल वाजत होता तोवर ते काम गर्दीचं होतं, कुणाचंच न्हवतं. ढोल थांबला असता तर ते संतरामचं झालं असतं. म्हणून मी वाजवत राहिलो. चांगला वाजवला. लोक म्हणाले, दगडोबा आज रंगात आला.

लेकाची बाजू सांगतो असं समजू नको. पण हेही पत्रात असू दे. मागल्या माघात बंदुकवाल्यांनी त्याला ओढ्यात उघडा करून मारलं होतं. ते बाहेरगावचे होते, आले तसे गेले. तेव्हा त्याच्या पाठीला हळद कुणी लावली? मास्तरनं. आठ दिवस रोज सकाळी येऊन, कल्हईच्या काळ्या हातांनी. ज्यांनी मारलं ते सापडले न्हाईत, म्हणून ज्यानं हळद लावली त्याला मारलं! हे मला कळत न्हाई, आणि कळून घ्यायचंही न्हाई. ज्या हातानं त्याला ताफ्यातलं कॉर्नेट फुंकायला शिकवलं त्याच हाताला त्यानं मारलं. मी त्याला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "तुमी तर वाजवून राहिले होते."

घरात एक तांब्याचं पातेलं आहे. संतरामनं त्या दिवशी मास्तरच्या घरातून आणलेलं. आत आरशासारखी कल्हई. चतुराबाईनं पाहिलं, उचलून अंगणात तुळशीच्या पलीकडं पालथं घातलं. तीन महिने ते तिथंच आहे. सुमनबाई एकदा त्यात पाणी तापवायला गेली, तर सासूनं तिच्या हातातून हिसकावलं. त्या दिवसापासून चतुराबाई थोरल्याला स्वतः वाढत न्हाई. ताट सरकवते आणि आत जाते. मी मात्र त्याच्या शेजारी बसून जेवतो. भाकरी मोडतो, कापसाचं बोलतो. मला माझाच राग येतो तो भाकरी मोडताना येतो.

तुझाही येतो, खोटं न्हाई बोलत. तू रांगेतून गेलास ते बरोबर केलंस. गाडी जुंपून दोघांना तांड्यावर नेलंस ते बरोबर केलंस. पण तू मला एकदा तरी येऊन शिव्या द्यायला पाहिजे होत्या. माझ्या दारात उभा राहून. तीन महिने तू गप्प राहिलास आणि मग एकदम तहसीलदाराच्या कागदावर माझं नाव लिहिलंस, तेही पैलं. म्हणजे तुला पक्कं माहीत होतं मी पाहिलं ते. आणि तुला हेही वाटलं की मी सांगेन. हे दुसरं वाटणं जास्त लागलं मला. कशाच्या भरवशावर वाटलं रे तुला? मला वाटत न्हवतं.

मास्तरला माझा सलाम सांगू नको. माफी मागितली असंही सांगू नको. ते पत्रातून मागायचं न्हाई. बुधवारी त्याच्यासमोर जे व्हायचं ते होईल. हलीमाबीला मात्र विचार, पातेलं घरी आणून द्यावं का चावडीत मांडावं. तिचं आहे, ती सांगेल तसं.

हे पत्र आज सकाळी चतुराबाईला वाचून दाखवलं. ती चूल सारवत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं रडेल, न्हाईतर माझ्यावर धावून येईल. ती म्हणाली, "नाव नीट लिवा. नुसतं थोरला म्हनू नका. कागद वाचणाऱ्याला काय कळणार कुणाचा थोरला?" मग सारवायचा बोळा पाण्यात बुडवला आणि तो तसाच हातात धरून बसली. पाणी निथळून गेलं तरी बसली होती.

म्हणून नीट लिहितो. संतराम वल्द दगडोबा, वय चोवीस, धंदा शेती, राहणार चिंचवाडी. दुसरी कुऱ्हाड कुणाची होती तेही मला माहीत आहे, आणि दारापुढं उभं राहून 'फोडा' कोण म्हणालं तेही. ती नावं तोंडी सांगीन, पाटील समोर बसलेले असताना.

संतरामला मी अजून सांगितलं न्हाई. मंगळवारी सांगीन. आधी सांगितलं तर तो रडेल, आणि तो रडला की मी मोडतो, लहानपणापासून तसंच आहे. त्याला म्हणणार आहे, माझ्याबरोबर औंढ्याला चल. आला तर दोघं येऊ. न्हाई आला तर मी एकटा येईन, आणि या वेळी तुमच्या दारावरून येईन.

पण मला माझा भरोसा न्हाई, नेमसिंग. भादव्यात मी तीस पावलांवर होतो आणि माझा हात दुसरंच करत राहिला. बुधवारपर्यंत अजून तीन दिवस आहेत. म्हणून हे पत्र उद्या सकाळीच फुलसिंगजवळ देतो, म्हणजे मला परत घेता येणार न्हाई. मी आलो न्हाई तर हे तहसीलदारापुढं ठेव. आलो आणि ढोलाच्या आडोशाची गोष्ट सांगायला लागलो, तर तिथंच उभा राहून माझ्या तोंडावर वाच. तुझं वाचन अडखळतं. अडखळत वाच, पण सगळं वाच. मी थांब म्हणालो तरी थांबू नको.

लिहून देणार,
दगडोबा वल्द रामजी,
चिंचवाडीच्या ताफ्यात मोठा ढोल वाजवणारा,
संतरामचा बाप.